कानामागची जखम: हॉट स्पॉट की चावा?

पुण्याच्या तळजई टेकडीवरून भिजून आलेल्या लॅब्राडोरच्या कानामागे सकाळी ओली, लालभडक जखम दिसते आणि सोसायटीच्या ग्रुपवर निदानं सुरू होतात. आधी तपासायचे संशयित दोन.

हॉट स्पॉट म्हणजे कातडीवर अचानक उठणारा ओला, सुजलेला चट्टा; तो काही तासांत पसरतो. मूळ कारण पिसवा, ॲलर्जी, कानाचं दुखणं किंवा पावसात ओलीच राहिलेली दाट फर. खाज सुटते, कुत्रं खाजवून खाजवून कातडी सोलून काढतं. दिसायला भयंकर, पण जखम बहुधा वरवरची.

चावा नेमका उलटा. वर दाण्याएवढं भोक, आत सुळ्याने मांस फाटलेलं. वरून ते मिटतं, आणि दोन-चार दिवसांनी गरम, दुखरी सूज येते, पू धरतो, कधी तापही येतो. आपण तोवर भटक्यांशी झालेली झटापट विसरलेलो असतो.

दुखतं दोन्ही, त्यामुळे कुत्रं विव्हळलं यावरून काही ठरत नाही. ठरतं ते केस काढल्यावर. ट्रिमर वापरा, कात्रीत कातडी सापडते. खाली सलग सोललेला चट्टा दिसला तर हॉट स्पॉट, एक-दोन खोल भोकं दिसली तर चावा. पू पसरून दोन्ही सारखंच दिसत असेल, तर मी चावाच धरून चालेन, कारण तिथे रेबीजचा प्रश्न येतो. लस झालेली असली तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं; बूस्टर लागतो.

हळद-तेल मात्र दोन्हींवर नको. तेलाखाली ओल कोंडते.