मुंबई, नाशिक, सुरत की शाळेतला फुगा? पोरांना तारांगण दाखवायचंय तर

सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याकडचे मित्र हमखास विचारतात, पोरांना तारांगणात न्यायचंय, कुठलं बरं? मी दोन पोरं (एक सहाचा, एक अकराची) आणि एक म्हातारी आई घेऊन यातले बरेच धक्के खाल्लेत, म्हणून सांगतो.

मुंबईचं वरळीचं नेहरू तारांगण खरंच भारी आहे, त्यात वाद नाही. 1977 पासून चालू आहे, 2003 ला डिजिटल झालं, म्हणजे आता नुसते तारे नाही दाखवत तर तुम्हाला शनीच्या कड्यांजवळून फिरवून आणतात, आणि मुख्य म्हणजे मराठीत शो असतो. अकरावाली पोरगी बाहेर येऊन दोन दिवस तेच बोलत होती. पण एक लक्षात ठेवा, नेहरू सेंटर (तारांगण इथे आहे) वेगळं आणि नेहरू सायन्स सेंटर वेगळं, दोन्ही वरळीतच, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं "नेहरू" म्हटलं की तो कुठेही सोडतो, आम्हाला चुकीच्या गेटवर सोडलं आणि आमचा शो गेला. एका अर्थी बरं झालं म्हणा, कारण सायन्स सेंटरमध्ये हात लावून करायच्या वस्तू असतात आणि सहावाल्याला तेच जास्त आवडलं. सोमवारी तारांगण बंद. दादरला उतरून टॅक्सी करायची, रात्रीच्या गाडीने गेलात तर सकाळी पोरं चिडचिडी असतात, त्यामुळे दुपारचा शो धरा नाहीतर अंधार झाला की झोपतील. आमचा झोपला. तिकिटाचे पैसे गादीवर गेले.

नाशिकला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहे, आपल्याला सगळ्यात सोयीचं, सकाळी निघून रात्री घरी. मुंबईएवढा थाट नाही, पण पहिल्यांदाच नेत असाल तर पुरे होतं, वर पांडवलेणी आणि फाळके स्मारक एकाच फेरीत. फक्त निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण एका ठिकाणी (नाव नको) आम्ही पोचलो आणि प्रोजेक्टर बंद म्हणून कागद चिकटवलेला, आणि मग दशम्या-चटणी बाहेरच्या ओट्यावर बसून खाल्ल्या आणि परत आलो.

नंदुरबार, नवापूर, दोंडाईचावाल्यांनो, तुम्हाला मुंबईपेक्षा सुरत जवळ, तापी लाईनने सरळ. तिथलं सायन्स सेंटर 2009 चं, महापालिकेचंच, आत तारांगणही आहे. अडचण भाषेची. मराठी मिळणार नाही, हिंदी शो कोणत्या वेळेला आहे ते आधी विचारून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना गुजराती कानावर असते पण "नक्षत्र" कळलं तरी त्याच्या पुढचं वाक्य निसटतं.

पुण्याचं टिळक रोडवरचं न्यू इंग्लिश स्कूलचं तारांगण 1954 चं, इतिहास मोठा, पण आपल्याला पुणे आडवाटेला पडतं, नातेवाईक असतील तर बघा.

आणि चौथा प्रकार म्हणजे फुगा. काही शाळांमध्ये येतो, पंख्याने हवा भरून घुमट उभा करतात, पोरं बोगद्यासारख्या वाटेने रांगत आत जातात, मधे एक प्रोजेक्टर. चित्र जरा मंद असतं आणि एप्रिलमध्ये आत नुसती भट्टी, आपल्याकडचं ऊन माहितीये ना. तरी पहिली-दुसरीच्या पोरांना मी हाच देईन, कारण समोर बसून सांगणारा माणूस असतो, पोरं मधेच विचारतात, तो उत्तर देतो. मोठ्या तारांगणात रेकॉर्ड वाजत असतं आणि तुमचा पोऱ्या कानात "पप्पा ते काय" करत राहतो. चार वर्षांखालचं लेकरू असेल तर एवढा अंधार त्याला झेपत नाही, एकाने बाहेर थांबायची तयारी ठेवा.

आमच्या आईला मुंबईचं तिकीट काढताना ती म्हणाली होती, "चांदन्या तं आपला वावरमा बी दिखतस, ममईले कसाले जानं?" पण आत सप्तर्षी आले तसं तिने पोरांना म्हातारीचं खाटलं आणि तीन चोरांची गोष्ट सांगायला घेतली, मागचे दोन-तीन जण वळून बघायला लागले, तरी थांबली नाही.

माझं मत विचाराल तर नऊ-दहाच्या पुढचं पोर असेल तर एकदा मुंबईच करा, मराठी शो बघून. त्याआधी नाशिक किंवा फुगा. आणि आल्यावर एखाद्या अमावास्येला चाळीसगावकडे जा. तिथल्या पाटणच्या शिलालेखात 1114 साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. पाटणादेवीला दिवसाच जाऊन या, जंगल आहे, आणि रात्री गावाबाहेर कुठेतरी सतरंजी टाकून वर बघायला लावा. आमच्या पोरीने मृग स्वतः शोधला तिथे.