चार स्टार, त्यातले तीन बाजूच्या दाराला

बोरिवली पूर्वेला कुलूपवाडीच्या अलीकडे हे प्राण्यांचं क्लिनिक आहे. बाहेरून बघाल तर पिठाची गिरणी वाटेल, एक शटर, एक बाकडं, भिंतीवर रंग उडालेलं मांजराचं पोस्टर. गेल्या जुलैपासून आम्ही इथे जातोय, रिव्ह्यू टाकायचं तेव्हाच डोक्यात होतं पण राहून गेलं, काल परत लसीला गेले तेव्हा म्हटलं आज टाकतेच.

आमची कुत्री चकली (शेपटीमुळे नाव पडलं) भर पावसात बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या रिक्षाच्या खाली सापडली, जेमतेम दोन महिन्यांची. पहिली लस द्यायला मी तिला दुसरीकडे नेलं होतं, नाव घेत नाही, काचेचं दार, एसी, सोफा, सेल्फी काढायला हाडकाच्या आकाराची फ्रेम वगैरे. तिथे चाळीस मिनिटं बसलो. शेजारी एक लॅब्रॅडॉरचं पिल्लू सारखं ओकत होतं, रिसेप्शनवाली मुलगी टिश्यूने फरशी पुसायची आणि परत मोबाईलमध्ये, आणि पाणी प्यायला सगळ्या कुत्र्यांना मिळून स्टीलचं एकच भांडं. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं, उलट मीच चकलीला त्या भांड्यातलं पाणी पाजलं, वर "किती छान सोय" असं बहिणीला मेसेज पण केला.

सहाव्या दिवशी हिने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची शी, आणि त्याचा तो वास, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. आता तिथूनच लागण झाली असं काही मी म्हणू शकत नाही, रस्त्यावरचं पिल्लू होतं, आधीच घेऊन आलं असेल. पण ते भांडं काही डोक्यातून जात नाही.

रात्री साडेनऊला शेजारच्या काकूंनी या क्लिनिकचा नंबर दिला. फोनवर डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा वय विचारलं, लस किती झाल्यात विचारलं, आणि मग म्हणाल्या, "या लगेच, पण समोरून आत येऊ नका, पिल्लू खाली ठेवू नका, गल्लीच्या बाजूला हिरवं दार आहे तिथे येऊन फोन करा." खरं सांगते, मला रागच आला, मरायला टेकलेलं पिल्लू घेऊन येतेय आणि ह्या मला मागच्या दाराने बोलावतायत. आई सोबत होती, ती रिक्षातच म्हणाली, "बरोबर सांगतायत त्या." आईचं माहेर पाटणकडचं, घरी गुरं होती. लाळ्या-खुरकूत आला की आजारी जनावर वेगळं बांधायचं, त्याचं पाणी वेगळं, आणि त्याला हात लावून आलेल्या माणसाने दुसऱ्या दावणीला वैरण घालायची नाही, हे तिला लहानपणापासून पाठ. म्हणजे आजोबांच्या गोठ्यात जी अक्कल होती ती त्या एसीवाल्याकडे नव्हती.

त्या दारामागे एक छोटी खोली आहे, त्यातला पोछा वेगळा, चपला वेगळ्या, आत जाणारा दादा गाऊन घालून जातो आणि तिथेच काढून ठेवतो. दहा मिनिटांत किट टेस्ट केली, दोन रेघा. पार्वो, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा आतड्यांचा व्हायरसचा आजार.

मॅडम गोड बोलत नाहीत हे आधीच सांगते. पण समजावून सांगतात. पार्वोच्या व्हायरसला मारेल असं नेहमीचं औषध नाही, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं त्यातून बॅक्टेरिया रक्तात जाऊ नयेत म्हणून अँटिबायोटिक, एवढंच करायचं आणि पिल्लू स्वतःच्या ताकदीवर उठायची वाट बघायची. मी विचारलं, अहो लस दिली होती ना? तर म्हणाल्या एका लसीने भागत नाही. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात असतं तोवर ते लसीलाच लागू पडू देत नाही, आणि ते नक्की कधी संपतं हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यायची. हे आधीच्या ठिकाणी कोणी सांगितलंच नव्हतं, कार्डावर पुढची तारीख टाकली आणि बाय.

पाच दिवस सकाळी दहाला सोडायचं, संध्याकाळी सातला आणायचं. रात्रभर ठेवायची सोय इथे नाही, वेळ आली तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल) न्यावं लागेल असं पहिल्याच रात्री स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की मॅडम बोलेचनात, मी बाकड्यावर बसून रडून घेतलं, आणि पाचव्या दिवशी त्या बयेने दादाच्या डब्यातल्या भाताकडे बघून शेपूट हलवली. बिल सगळं मिळून साडेचौदा हजार झालं. स्वस्त नाही, पण कुठल्या औषधाचे किती ते हाताने लिहून दिलं (अक्षर डॉक्टरचंच, मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या).

घर कसं साफ करायचं याचा कागदही दिला. पार्वो घरात कित्येक महिने टिकतो, नेहमीचं फिनेल आणि सॅनिटायझर त्याला फारसं काही करत नाही. आधी घाण साबणाने धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवायचं. पिल्लू बरं झाल्यावरही दोन-तीन आठवडे शीमधून व्हायरस पडत राहतो म्हणून तिला खाली न्यायचं नाही, बिल्डिंगच्या मागे चार भटकी पिल्लं होती ना. गच्चीवर वर्तमानपत्र घालून केलं सगळं, सोसायटीत त्यावरून भांडणं झाली तो वेगळा विषय.

आईने तिसऱ्यांदा विचारलं, आम्हाला नाही ना लागणार? मॅडम म्हणाल्या, कुत्र्याचा पार्वो माणसाला लागत नाही. पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) लागतो, त्याची लस मॅडम चुकवू देत नाहीत. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून कुत्र्याला आणि आपल्यालाही, २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईने तो बघितलाय. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर दिली, सर्टिफिकेट लगेच हातात, ते महापालिकेच्या लायसन्सलाही लागतं.

एक गोष्ट मात्र मला नवीन होती. आमच्याकडे बिबट्या कंपाउंडपर्यंत येतो, सीसीटीव्हीत दिसला की ग्रुपवर धिंगाणा. मॅडम म्हणाल्या तुम्हाला बिबट्याची भीती, मला बिबट्यासाठी भीती. तो भटकी कुत्री खातो आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर (हाही व्हायरसचाच आजार) वाघ-सिंह-बिबट्यांनाही होतो. २०१८ ला गीरमध्ये थोड्याच दिवसांत तेवीस सिंह गेले, पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासणीत डिस्टेंपर निघाला, मग अमेरिकेहून लस मागवावी लागली. त्याआधी १९९४ ला आफ्रिकेत सेरेंगेटीत हजारेक सिंह मेले होते. आई मध्येच म्हणाली, म्हणजे बुळकांडीसारखंच की! मॅडम पहिल्यांदा हसल्या. गुरांची बुळकांडी, माणसांचा गोवर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर एकाच घराण्यातले व्हायरस निघाले. बुळकांडी लसीकरणाने जगातूनच संपली असं २०११ मध्ये जाहीर झालं, आईच्या वडिलांचे दोन बैल त्यातच गेले होते. त्यानंतर दोघी गोठ्यावर बोलत बसल्या आणि मागे सहा जणं ताटकळत. त्या दिवसापासून आम्ही बिल्डिंगमागच्या चार पिल्लांचं पण कार्ड काढलंय, भटक्यांच्या लसीला मॅडम फक्त लसीचे पैसे घेतात, तपासणीचे नाही.

एक स्टार कापला तो यासाठी: पार्किंग शून्य, दुपारी फोन उचलत नाहीत, एक्सरे-सोनोग्राफीला दुसरीकडे पळावं लागतं, रविवारी बंद, आणि मांजरवाल्यांना वेगळं बसायला जागा नाही, बाकड्याच्या एका टोकाला मांजर आणि दुसऱ्या टोकाला भुंकणारा डॉबरमन हा सीन मी डोळ्यांनी बघितलाय.

नेहमीच्या लसीला जाणार असाल तर समोरून जा, सकाळी अकराच्या आत गर्दी कमी असते. उलट्या-जुलाब, डोळ्यानाकातून पू, फिट असं काही असेल तर आधी फोन करा, पिल्लू खाली ठेवू नका, मेडिकलच्या बाजूने गल्लीत वळलात की हिरवं दार.