ड्रॉपरचं रबर फुगलं, टाळू मात्र सुधारली: सहा महिन्यांनंतर

कोरड्या टाळूसाठी तेलाची ड्रॉपरवाली काचेची बाटली घेतली होती. पाचव्या महिन्यात त्या ड्रॉपरचं रबर फुगलं, मऊ पडलं आणि बोटांना चिकटायला लागलं. सहाव्यात ते काचेच्या नळीवरून निसटून थेट तेलात. तेल उत्तम, काच उत्तम, आणि सगळ्यात क्षुल्लक भाग नेमका कामातून गेला. विक्रेत्याचं उत्तर असं की ड्रॉपर हा झिजणारा भाग, तो सुटा मिळत नाही, हवी तर नवी भरलेली बाटली घ्या. पेरभर रबरासाठी अख्खी बाटली! म्हणून या लिखाणात तेलापेक्षा रबर आणि नोझल यांच्यावर जास्त शब्द खर्च होणार आहेत, ते सहन करावं.

रबर जातं कशामुळे? नैसर्गिक रबर तेल पितं आणि सुजतं, त्याचा ताठपणा जातो. रोझमेरी, पुदिना असले सुगंधी अर्क घातलेल्या तेलात हे आणखी लवकर होतं. बाटली आडवी ठेवली किंवा ड्रॉपर उलटा धरला की तेल नळीतून वर चढून फुग्यात बसतं आणि रबर दिवसरात्र तेलात भिजत राहतं. तेव्हा तेल नळीच्या निम्म्यापर्यंतच ओढायचं, टोक कायम खाली ठेवायचं, आणि बाटली उभी. नायट्राइल रबराचा फुगा तेलाला बराच जास्त टिकतो. बाटलीवर तो कशाचा आहे हे कुणी छापत नाही, ही खरी तक्रार.

आता प्रश्न येईल की तेल कशानेही लावलं तर काय बिघडतं. बारीक केसांच्या बाबतीत बरंच बिघडतं. तळहातावर तेल घेऊन डोक्याला चोळलं की ते आधी केसांना लागतं, त्वचेपर्यंत उरलंसुरलं पोचतं. केस जितका बारीक तितका तेवढ्याच वजनाच्या केसांचा एकूण पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तेल पसरतं, केस एकमेकांना चिकटून बटा होतात आणि मधून टाळू दिसायला लागते. म्हणजे कोरडी टाळू कोरडीच, वर केस चपटे. मग ते तेल काढायला शाम्पू दोनदा, त्याने टाळू आणखी कोरडी. या चक्राचा दोष तेलाच्या माथी मारला जातो, प्रत्यक्षात चूक तेल लावण्याच्या पद्धतीची असते.

‘पातळ केस’ हा शब्दही घोटाळ्याचा आहे. एकेक केस बारीक असणं वेगळं आणि केस विरळ असणं वेगळं. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवून बघा: जाणवलाच नाही तर बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. विरळपणा भांगात दिसतो. पुष्कळांचे केस बारीक असतात पण संख्येने भरपूर, आणि ते उगाच केस उगवायच्या औषधांमागे लागतात. इथे लिहिलेलं सगळं बारीक केसांसाठी आहे. भांग महिन्यागणिक रुंद होत असेल तर बाटली कितीही चांगली असो, तो तिचा प्रांत नाही.

तसंच कोरडी टाळू आणि कोंडा. कोरड्या टाळूचे कण बारीक, पांढरे, सुटे असतात, डोकं झटकलं की खांद्यावर पडतात आणि त्वचा ताणल्यासारखी वाटते. कोंड्याच्या खपल्या मोठ्या, पिवळसर, तेलकट, मुळाशी चिकटून राहतात, खाली त्वचा लालसर असते. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती त्वचेवरच्या स्निग्धावरच जगते. वनस्पती तेल रात्रभर ठेवून कोंडा घालवायला निघालेला माणूस तिला जेवू घालत असतो. अशा वेळी केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा २ टक्केवाला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस ३ ते ५ मिनिटं ठेवून, २ ते ४ आठवडे. तो केस राठ करतो, म्हणून फेस टाळूपुरता ठेवावा. तेल त्या काळात बंद.

कोंडा नाही, निव्वळ कोरडेपणा आहे, असं गृहीत धरून पुढचं.

काचेचा ड्रॉपर गेल्यावर लांब नोझलची मऊ प्लास्टिकची बाटली हाती आली आणि मत तिथेच फिरलं. ड्रॉपर दिसायला देखणा, पण प्रत्येक भांगासाठी बाटलीत बुडवा, उचला, थेंब कपाळावर ओघळू द्या, असा कारभार. नोझल थेट त्वचेला टेकतं आणि भांगावरून पेनासारखं चालतं. मात्र ते बहुतेक वेळा बंद टोकाचं येतं आणि कापायचं काम आपलं. सगळी गंमत इथे आहे. कात्रीने तिरकं कापलं की एका बाजूला धारदार जीभ राहते आणि ती कोरड्या त्वचेवर ओरखडे काढते. सरळ काप द्यायचा, टोकाचा जेमतेम १ मिलिमीटर. कमी वाटलं तर पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. मग नखं घासायच्या कानशीने कडा गोल करायची आणि ओठावर फिरवून बघायची. ओठाला बोचलं तर टाळूलाही बोचणार. काही जण तापलेल्या सुईने भोक पाडतात. भोक नेमकं पडतं, पण वितळलेल्या प्लास्टिकची कडा बाहेर उभी राहते, तीही घासावीच लागते.

प्रमाण: पूर्ण डोक्याला २ ते ३ मिली, म्हणजे साधारण अर्धा चमचा. यापेक्षा जास्त बारीक केसांना लागत नाही, लागतंय असं वाटलं तर भांग नीट पडलेले नाहीत. थेंब मोजणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: ‘२० थेंब म्हणजे १ मिली’ हे गणित पाण्याचं आहे. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे त्याच टोकातून थेंब लहान पडतो आणि १ मिलीत दीडपट-दुप्पट थेंब बसतात. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणात एकदा मोजून घ्यावं. शेपटीच्या कंगव्याने दोन बोटांच्या अंतरावर भांग पाडायचे, आठ ते दहा होतात, प्रत्येकावर आठ-दहा थेंब. कपाळाकडून मागे जायचं, उलट गेलं की ओघळ डोळ्यात येतो. मग बोटांची पेरं टेकवून त्वचा हाडावरून हलवायची. बोटं केसांवर घासत नाहीत, त्वचेसकट सरकतात, हा फरक कळला की गुंता होणं थांबतं. शाम्पूआधी अर्धा ते एक तास पुरे. रात्रभर ठेवल्याने जास्त काही मिळालं नाही, अभ्रे खराब झाले तेवढेच.

तेल कोणतं? खोबरेल घेतलं तर ते लॉरिक आम्लामुळे केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. हे काम केसाच्या दांड्याचं, टाळूचं नव्हे. टाळूला स्क्वालेन नावाचं हलकं तेल बरं पडलं, ते कमी चिकट आहे आणि चटकन पसरतं. खोबरेलाचा आणखी एक उपद्व्याप नोझलला भोवतो. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं आणि सगळ्यात आधी नोझलच्या अरुंद नळीत थिजतं. बाटली जोरात दाबली की आधी काहीच येत नाही, मग एकदम ‘फट्’ आणि नोझल झाकणातून उडून निम्मं तेल मानेवर. उपाय साधा: लावून झालं की बाटली उभी धरून हलकेच दाबायची आणि सोडायची, नळीतलं तेल हवेबरोबर आत ओढलं जातं आणि नळी रिकामी राहते. थिजलंच तर पाच मिनिटं कोमट पाण्यात. टाचणी खुपसू नये, भोक मोठं होतं.

तेलापेक्षा मोठं सुख त्याच नोझलने शाम्पूत दिलं, हे अनपेक्षित होतं. दुसरी तशीच बाटली घ्यायची, १० मिली शाम्पू आणि ४० मिली कोमट पाणी, हलवायचं, भांगाभांगात सोडायचं. घट्ट शाम्पू एका जागी थापला की तिथली त्वचा जास्त धुतली जाते आणि मागचा भाग तसाच राहतो. पातळ केलेला सगळीकडे सारखा पोचतो, लागतो कमी, निघतो लवकर. बाटलीभर शाम्पू जिथे दीड महिना जायचा तिथे अडीच गेला, हिशेबी माणसाला यापुढे दुसरी शिफारस नको. पण हे मिश्रण त्या धुण्यापुरतंच करायचं. पाणी घातलं की शाम्पूतल्या परिरक्षकाची ताकद घटते आणि ओल्या न्हाणीघरात दोन आठवडे ठेवलेल्या मिश्रणात जंतू वाढतात. उरलं तर ओतून द्यावं, जीव तुटला तरी.

शाम्पूच्या घटकांत सुरुवातीलाच सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर कोरड्या टाळूने त्यापासून लांब राहावं. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेन मुख्य असलेला सौम्य शाम्पू पुरतो. फेस कमी येतो, त्याची सवय होते. कंडिशनर कानाच्या खालच्या लांबीलाच. तो विद्युतभाराने धन असतो आणि ऋणभारित केसाला चिकटतो, टाळूवर त्याचं काही काम नसतं, मुळाशी लागला की बारीक केस तासाभरात बसतात. पाणी जड असेल, म्हणजे किटलीत पांढरा थर धरत असेल, तर ईडीटीए (चुना पकडून सोडवणारा घटक) असलेला शाम्पू दोन-तीन आठवड्यांतून एकदा वापरून साचलेला चुना काढावा.

सिलिकोनचा टाळू घासायचा ब्रश. पहिल्या दोन महिन्यांनंतर विचारलं असतं तर पाचपैकी पाच. कण झटपट निघतात, त्याच दिवशी टाळू लख्ख. चौथ्या महिन्यात हे मत मागे घ्यावं लागलं. घासून निघालेल्या कणांखाली त्वचा अजून तयार झालेली नसते, तिसऱ्या दिवशी खाज वाढते, खाज आली की पुन्हा ब्रश. शिवाय गोलगोल फिरवला की बारीक केस दात्यांभोवती वळतात आणि ओले असताना तुटतात, कारण ओल्या केसातले हायड्रोजन बंध सुटलेले असतात आणि तो जास्त ताणला जातो. आता आठवड्यातून एकदा, फेस असतानाच, मागेपुढे हलक्या हाताने. पाचपैकी दोन, तेही दाते मऊ म्हणून.

त्याची जागा ५ टक्के युरियाच्या पातळ लोशनने घेतली. युरिया पाणी धरून ठेवतो आणि कण सैल करतो, त्यामुळे घासायची वेळच येत नाही. धुतल्यावर टाळू ओलसर असताना, त्याच नोझलने, पाच-सहा भांगांवर. खाजवून जखम असेल तर चरचरतं, ती भरेपर्यंत थांबावं.

वाळवण्याचं थोडक्यात: टॉवेलने चोळू नये, दाबून पाणी टिपावं, ड्रायर १५ सेंटिमीटर लांब आणि सतत हलता. केस तासन्‌तास ओले ठेवणं हे निर्धोक, असंही नाही.

मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध लावणाऱ्यांची कोरडी टाळू हे वेगळं प्रकरण. द्रावणात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल असतं, खाज आणि पांढरे कण बऱ्याचदा त्यानेच येतात. फोममध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल नसतं, डॉक्टरांना विचारून बदल करता येतो. मिनॉक्सिडिल टाळू ओली नसताना लावायचं, चार तास धुवायचं नाही, आणि तेल त्याच वेळी अजिबात नाही.

केस जाड झाले का? नाही, होणारही नव्हते. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत मुळाशी ६ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं, त्याला नोझलची बाटली भेटलेलीच नाही. सुधारलं ते इतकंच: त्वचेचा ताण गेला, कण पंधरा दिवसांतून कधीतरी, आणि विंचरताना मुळाजवळ तुटलेले आखूड तुकडे कमी. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने गळायला लागले तर त्याचा दोष तेलाला देऊ नये. चट्टे जाड, चंदेरी, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेले असतील किंवा मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा गोल टकलाचा डाग असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. मुलांच्या त्या गोल डागाला पोटातूनच औषध लागतं.

आणि ज्यांना काचेची बाटलीच हवी आहे त्यांनी भरलेली बाटली परत घेऊ नये, सुटा ड्रॉपर शोधावा. बाटलीच्या मानेचा बाहेरचा व्यास आट्यांवरून मोजायचा, १८, २० किंवा २४ मिलिमीटर यांतलं काहीतरी निघतं, आणि काचेची नळी तळापासून अर्धा सेंटिमीटर वर राहील इतकी लांब. व्यास जुळून आटे जुळले नाहीत तर झाकण दोन फेऱ्यांत अडतं, ते जबरदस्तीने आवळू नये. रबर नायट्राइलचंच मागावं.