वडाळ्यातील डिझेल पंपाची कार्यशाळा: एक अनुभव

टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) 1954 मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केल्यानंतरच्या काळातला, नाकावर तीन टोकांची चांदणी असलेला वडिलांचा ट्रक पुन्हा चालता करायचा ठरवल्यावर, त्याचा इंधनपंप मी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळील एका लहानशा कार्यशाळेत दिला. इंजिन सहा सिलिंडरचे, पूर्वदहन कक्षाचे; म्हणजे डिझेल आधी लहान कक्षात पेटते आणि तेथून मुख्य सिलिंडरमध्ये झेपावते, त्यामुळेच थंड इंजिनाला हीटर प्लगची ऊब लागते.

येथील मिस्त्रींनी पंप उघडून प्लंजरवरचे, म्हणजे डिझेल दाबून पुढे ढकलणाऱ्या दट्ट्यांवरचे, ओरखडे मला भिंगातून दाखवले आणि टेस्ट बेंचवर सहाही नळ्यांतून पडणारे डिझेल काचेच्या नळकांड्यांत मोजून समान केले. पंपाचा कॅमशाफ्ट (प्लंजर उचलणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्याच्या एका फेरीत सहाही फवारे होतात; म्हणून दोन फवाऱ्यांमध्ये 60 अंशांचे अंतर असावे लागते, आणि ते त्यांनी सिलिंडर पेटण्याच्या 1-5-3-6-2-4 या क्रमाने एकेक करून तपासले. जुने गिऱ्हाईक नसतानाही इतके समजावून सांगणारा कारागीर मला तरी दुसरीकडे भेटला नाही.

तक्रार वेळेची आहे. आठवड्याचे काम महिन्यावर गेले, आणि हिशेबाचा कागद मागितल्यावर पाकिटाच्या पाठीवर आकडे मिळाले. नवे प्लंजर मात्र त्यांनी स्वतः कुर्ल्याहून शोधून आणले. गाडी आता पहिल्याच सेल्फला सुरू होते, धूरही काळा येत नाही.