फुल स्पेक्ट्रम कॅमेरा, दोन फिल्टर आणि बाबांची लेन्स: जैसलमेरला नेऊन आणल्यावर

डिसेंबरात बाबांना घेऊन गाडीने जैसलमेरला गेले. संगमनेरहून निघालो, अहमदाबाद आणि बाडमेरला मुक्काम केला. बरोबर नेलेल्या संचाबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण घेण्याआधी मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

कॅमेरा म्हणजे जुन्यात घेतलेला २४ मेगापिक्सलचा मिररलेस. कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक काच असते, ती अवरक्त (तांबड्यापलीकडचा) आणि अतिनील (जांभळ्यापलीकडचा) असा डोळ्यांना न दिसणारा दोन्ही प्रकाश अडवते. ती काढून साधी पारदर्शक काच बसवून घेतली, म्हणून हा फुल स्पेक्ट्रम कॅमेरा. आता लेन्सवर जो फिल्टर लावाल तेवढाच प्रकाश सेन्सरला दिसतो. अवरक्तसाठी होयाचा आर७२ घेतला, तो साधारण ७२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचाच प्रकाश आत सोडतो. अतिनीलसाठी बाडरचा यू फिल्टर, ३२० ते ३९० नॅनोमीटरचा. तो मुळात शुक्राचे ढग टिपणाऱ्या आकाशनिरीक्षकांसाठी आहे आणि मला कॅमेऱ्यापेक्षा महाग पडला.

अवरक्तसाठी कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स वापरली. अतिनीलची लेन्स बाबांची. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राची) ८० मिलिमीटरची एल-निक्कोर लेन्स त्यांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. हल्लीच्या लेन्समध्ये इतक्या काचा आणि त्यांच्यावर इतके थर असतात की अतिनील आतपर्यंत पोचतच नाही. ही जुनी, साध्या बांधणीची लेन्स तो बऱ्यापैकी जाऊ देते. अडॅप्टर आणि फोकसची रिंग तेवढी वेगळी घ्यावी लागली.

अवरक्तबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सोपं आहे. आयएसओ २००, एफ ८, शटर १/१२५, कॅमेरा हातात. मिररलेस असल्यामुळे फिल्टर लावूनच फोकस दिसतो. व्हाइट बॅलन्स रुईच्या पानावर घेतला. तरी रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेला फोटो) लालभडक येते आणि घरी लाल-निळ्याची अदलाबदल करावी लागते. जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या वाटेवर एकटं उभं असलेलं खेजडीचं झाड या फोटोत कापसासारखं पांढरं झालं, कारण हिरवं पान अवरक्त प्रकाश फारसा शोषत नाही, बराचसा परत टाकतं. मागचं आकाश काळंशार. गडीसर तलावाचं पाणीही काळं. पहिल्याच दिवशी मनासारखे फोटो हातात येतात. एवढ्यावर थांबणार असाल तर अतिनीलचा खर्च करू नका, ७२०चा फिल्टर पुरेसा आहे.

पण आम्ही थांबलो नाही, आणि मला खरं सांगायचं आहे ते इथून पुढचं.

जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा, पिवळ्या वालुकाश्माचा. तो पिवळा दिसतो तो दगडातल्या लोहाच्या संयुगांमुळे. ही संयुगं अतिनील आणि निळा प्रकाश गिळतात, तांबड्याच्या बाजूचा परत पाठवतात. म्हणून आर७२ लावला की किल्ला आतून दिवा लावल्यासारखा उजळतो, आणि बाडर लावला की तोच किल्ला शेगडीतल्या कोळशासारखा काळपट होतो, मागे आकाश पांढरंफटक. व्यास छत्रीजवळ ट्रायपॉड न हलवता, दहा मिनिटांच्या अंतराने दोन्ही फोटो घेतले. एकाच्या सावल्या दुसऱ्यात उजेड होऊन बसल्या आहेत.

बाबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दुसरा फोटो पाहिला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे तर काचेच्या प्लेटसारखं आलंय." बरोबर होतं त्यांचं. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे रसायन लावलेल्या काचेच्या, प्लेटला फक्त निळा आणि अतिनील प्रकाश कळायचा, म्हणून त्या काळच्या किल्ल्यांच्या फोटोंत ढग नसतात, आकाश कोरं असतं. मी इतका खर्च करून जे टिपलं ते एके काळी छायाचित्रकाराला टाळता येत नव्हतं. पुस्तकात हे वाचलं होतं, पण बाबांच्या तोंडून किल्ल्यासमोर ऐकलं तेव्हा समजलं.

खुरीच्या टेकड्यांवर उलट प्रकार. अवरक्तमध्ये वाळूवरची एकेक लहर कोरल्यासारखी, सावल्या गडद. अतिनीलमध्ये त्याच लहरी पुसल्यासारख्या, कारण सावलीतही आकाशातून अतिनील भरपूर येतो. तरंगलांबी निम्मी झाली की हवा प्रकाश सोळापट विखुरते. ७३०वरून ३६५वर आलात की हाच हिशोब. लांबच्या टेकड्या तर दिसतच नाहीत, नुसती पांढरी धूसर हवा. वाळूचा पोत हवा असेल तर बाडर पिशवीतच राहू द्या.

पवनचक्क्या मात्र त्यानेच बघा. जैसलमेरच्या आसपास त्या रांगेने उभ्या आहेत, पांढऱ्या रंगाच्या. अतिनीलमध्ये त्या काळ्या येतात, कारण पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील शोषून घेतो. आमची पांढरी गाडीही काळी आली. बाबांचा फोटो काढला तर त्यांचा चष्मा गॉगलसारखा काळा, गालांवर एरवी न दिसणारे डाग, आणि मी सकाळी बळेच लावलेलं सनस्क्रीन काजळीच्या फराट्यांसारखं. कानामागे लावायचं राहिलं होतं तेही दिसलं.

आता त्रास. अतिनीलला आयएसओ ८०० आणि एफ ८ धरून भर दुपारीसुद्धा एक-दोन सेकंद लागतात. संध्याकाळी सूर्य खाली गेला की वीस सेकंदही पुरत नाहीत, म्हणून किल्ल्याचा सूर्यास्त गाठायची धडपड करू नका, बारा ते दोन ही वेळ धरा. फिल्टर लावल्यावर पडदा इतका अंधारा होतो की फोकस आधी करून मग फिल्टर लावावा लागतो. वारा असेल तर गवत हलतंच. बारीक वाळू फोकसच्या रिंगमध्ये गेली, फिरवताना किरकिर ऐकू यायची. पुढच्या वेळी गाडीच्या काचा लावून आतच फिल्टर बदलायचे.

दोन चुका मला महागात पडल्या. बाडरच्या आधी ऑनलाइन एक स्वस्त जांभळी-काळी काच घेतली होती. तिने काढलेल्या "अतिनील" फोटोत घरासमोरचा लिंब पांढरा आला. अतिनीलमध्ये पानं गडद यायला हवीत, म्हणजे अवरक्त गळत होता. तपासायची सोपी रीत: अतिनील फिल्टरवर आर७२ ठेवून तेवढ्याच वेळाचा फोटो घ्या. पूर्ण काळा आला तरच फिल्टर खरा. बाडरचा काळा आला.

दुसरी चूक, कॅमेरा कन्व्हर्ट करून मिळाल्यावर मी एफ १६वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, कोऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला नाही. नव्या काचेखाली धुळीचे तीन कण अडकले होते. ते पांढऱ्या आकाशात नेमके उठून दिसतात, आणि बाहेरून पुसून जात नाहीत. दुकानाने परत उघडून द्यायला पुन्हा पैसे मागितले. तुम्ही कॅमेरा ताब्यात घेताना दुकानातच हा फोटो काढा.

किल्ल्याचा अतिनील फोटो बाबांना मोठा करून हवा होता. मी ठिपके कॉम्प्युटरवर काढते म्हटलं तर नको म्हणाले. प्रिंट आली त्या रात्री त्यांनी स्पॉटिंगचा जुना ब्रश काढला, बशीत पोस्टर कलरची आकाशाएवढी फिकी राखाडी कालवली आणि टेबललॅम्पखाली तिन्ही ठिपके भरले. दीड तास लागला.