गिझर चांगला आहे, पण त्या रॉडचं काय?

१५ लिटर, आतून काचेचा लेप दिलेली पोलादी टाकी, वीजबचतीचे पाच स्टार. बाकीचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते इथे उतरवत बसत नाही. हा त्याचा आमच्याकडचा तिसरा हिवाळा. कंपनीचं नावही लिहीत नाही. दोन-चार दुकानं फिरल्यावर कळलं की बहुतेकांची तीच कथा आहे.

चांगलं आधी, कारण ते लवकर आटपतं. पाणी पटकन तापतं. रात्री तापवून बंद केलं तरी सकाळी तोंड धुण्याइतकं कोमट राहतं, आणि इंदूरच्या डिसेंबरात हे थोडं नाही. जुन्या गिझरपेक्षा बिल कमी येतं. झालं.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर गरम पाणी तांबूस यायला लागलं. पहिला तांब्याभर लालसर, मग स्वच्छ. ही म्हणाली, नर्मदेच्या लाइनीचं खोदकाम चाललं असेल. पण शेजारच्याच गार पाण्याच्या नळाला काही नव्हतं. सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने झाकणसुद्धा न उघडता खालून टॉर्च मारला आणि निकाल दिला, "भिया, टंकी गई समझो. बोरिंग का पानी है ना?" टाकीची वॉरंटी अजून शिल्लक आहे म्हटल्यावर त्याने कार्ड उलटं करून दाखवलं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: एनोड रॉड वेळच्या वेळी बदललेला नसल्यास टाकीची वॉरंटी लागू नाही. वर नवीन गिझरवर एक्सचेंजची सूट मिळवून देतो म्हणे.

दुकानदार, बसवणारा फिटर, पहिल्या फुकट सर्व्हिसला आलेला मुलगा, या तिघांपैकी एकानेही आत रॉड नावाची वस्तू आहे हे तोंडातून काढलं नव्हतं.

हा रॉड मॅग्नेशियमचा असतो. काचेचा लेप कितीही चांगला असला तरी त्यात सुईच्या अग्राएवढी छिद्रं राहतातच, शिवाय जोडांपाशी तो कमजोर असतो. तिथे पाणी पोलादाला भिडतं. गरम पाणी, त्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षार, म्हणजे गंजाला हवं ते सगळं. आणि सगळा मारा त्या टिचभर जागेवर, त्यामुळे पत्रा आरपार जायला वेळ लागत नाही. मॅग्नेशियम हे लोखंडापेक्षा कितीतरी सहज इलेक्ट्रॉन सोडतं. दोन्ही धातू एकमेकांना जोडलेले आणि एकाच पाण्यात असले की मॅग्नेशियम विरघळत राहतं आणि पोलाद शाबूत राहतं. रॉड संपला की पाळी टाकीची. नुसता पाण्यात सोडून मात्र चालत नाही, धातूला धातू नीट टेकलेला पाहिजे.

आमच्या इमारतीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी सगळा कारभार बोरिंगवर आणि दोन्ही एकाच टाकीत. पाणी जितकं क्षारांचं तितकी त्यातून वीज चांगली वाहते, आणि तितका रॉड लवकर झिजतो. म्हणजे ज्याच्याकडे बोरिंग आहे त्याला तर हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

नाना, खालच्या मजल्यावरचे, म्हणाले, "अरे, धारचा लोहस्तंभ भोज राजाच्या काळापासून उघड्यावर पडलाय, त्याला काही होत नाही आणि तुझी टाकी तीन वर्षांत गेली?" नानांचं म्हणणं ऐकायला झकास आहे. पण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्याने वर एक घट्ट थर धरतो. शिवाय तो पावसात भिजतो आणि पुन्हा वाळतो. आमची टाकी चोवीस तास गरम पाण्यात बुडालेली.

शेवटी कंपनीचा नाद सोडून आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. आणि इथेच या गिझरचा खरा दोष. रॉडला बाहेरून स्वतंत्र तोंड नाही. तो कॉइलच्या फ्लँजवर, म्हणजे कॉइल धरणाऱ्या खालच्या झाकणावर, आतल्या बाजूला बसवलेला. म्हणजे वीज तोडा, टाकी रिकामी करा, वायरी सोडवा, गोल फ्लँजचे सगळे बोल्ट काढा, कॉइल खाली ओढा, तेव्हा रॉडचं दर्शन. आणि एकदा उघडलं की रबरी गॅस्केट नवीनच घालावं लागतं. दोन-अडीचशेच्या रॉडपायी अर्धा दिवस आणि त्याहून जास्त मजुरी. बाहेरून एक बोल्ट दिला असता तर कंपनीचं काय जात होतं?

फ्लँज सुटताच भुरकट चिखल बादलीत आला, अंड्याच्या टरफलासारखे कपचे मिसळलेला. तो पाण्यातला चुना. गरम पाण्यात तो कमी विरघळतो, म्हणून कॉइलवरच जमतो. आणि रॉड? बोटाएवढी जाड कांडी असायला हवी होती, तिथे मधली पोलादी तार उरली होती आणि तिच्या बुडाशी पांढरे भुसभुशीत दोन गड्डे, नखाने निघणारे. प्लंबरने आत मोबाइलचा टॉर्च धरला. लेप बहुतेक ठिकाणी निळा चकचकीत, एका जोडापाशी मात्र तपकिरी ओघळ. गळती नाही. गेलेली टाकी ही नव्हे.

लाल पाण्याचा मोठा वाटेकरी तर बाहेरच सापडला. फिटरने जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, एल्बोला सरळ पितळी निप्पल पिळला होता. पितळ आणि जस्ताचा मुलामा ओल्यात एकत्र आले की आधी जस्त जातं, मग खालचं लोखंड. एल्बोच्या चुड्या हातात चुरा होऊन आल्या. तिथे आता सीपीव्हीसी प्लास्टिकचा तुकडा आहे.

सियागंज बाजारातून आणलेला नवा रॉड बसला, पाणी स्वच्छ झालं. इथवर मी चार स्टार द्यायचे ठरवलं होतं. मग आम्ही आठवडाभर पुण्याला गेलो. परत येऊन गरम नळ सोडला तर सडक्या अंड्यांचा वास! दोषी पुन्हा रॉडच. मॅग्नेशियम झिजताना थोडा हायड्रोजन सुटतो. बंद टाकीतले काही जिवाणू त्याच्या जोरावर पाण्यातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. थर्मोस्टॅट पूर्ण वर करून पाणी तापवलं, तासभर तसंच ठेवलं आणि सगळं सोडून दिलं, वास गेला. फार त्रास झाला तर अॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड मिळतो म्हणतात, आम्हाला गरज पडली नाही.

एक धातू झिजवून दुसरा वाचवायची ही रॉडची युक्तीही जुनीच आहे, आणि तिचा उलटा फटकाही. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे, बिडाचे तुकडे जोडले. तांबं विरघळायचं थांबलं. पण शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होतं ते विरघळणारं तांबंच. ते बंद झाल्यावर तळाला रान माजलं आणि जहाजं मंदावली. नौदलाने तुकडे काढून टाकले. आपण फार तर वास सोसतो.

तूर्त तीन स्टार. एक रॉडच्या जागेसाठी कापला, दुसरा कार्डाच्या मागच्या अक्षरांसाठी. थर्मोस्टॅट आता मधल्या खुणेवर असतो, चुना कमी धरतो. दुकानात विचारणार असाल तर तारे आणि लिटर नंतर विचारा, आधी विचारा की एनोड बाहेरून निघतो का. बहुतेक विक्रेते "कसला एनोड?" असंच विचारतील.

ताजा कलम: परवा कंपनीतून फोन आला, वर्षाचा देखभाल करार घ्या म्हणून. त्यात रॉड धरला आहे का, विचारलं. मुलीने थोडं थांबायला सांगितलं, गाणं वाजलं, आणि मग म्हणाली, "सर, रॉड एक्स्ट्रा."