क्रिमसनच्या मुळाशी किडा: एटिमऑनलाइन वापरताना

इंग्रजी शिकवताना 'हा शब्द आला कुठून?' असं कुणी विचारलं की मी एटिमऑनलाइन उघडते. डग्लस हार्पर या अमेरिकी अभ्यासकाने उभा केलेला हा व्युत्पत्तिकोश फुकट वाचता येतो. शब्दांच्या मुळांची ओढ असलेल्या प्रत्येकाने तो हाताशी ठेवावाच.

'क्रिमसन' शोधून बघा. इंग्रजीत तो 15व्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो. त्याआधी जुनी स्पॅनिश, मध्ययुगीन लॅटिन, मग अरबी 'किर्मिझ' आणि तळाशी संस्कृत 'कृमिज', म्हणजे किड्यापासून झालेला. भूमध्य सागराकाठच्या ओक झाडांवरची एक कीड वाळवून हा लाल रंग काढत. आपला 'किरमिजी' फारसी-अरबीतून आलेला, त्याच कुळातला. आता 'व्हर्मिलियन' उघडा: लॅटिन 'व्हर्मिस', पुन्हा किडाच! लाल रंगाच्या दोन छटा, वाटा निराळ्या, आणि दोन्हींच्या बुडाशी तेच. असं काही हाती लागलं की मला मनापासून आनंद होतो.

वाटेत अर्थ कसा सरकला तेही इथे कळतं. 'शुगर'चं मूळ 'शर्करा', आणि तिचा आधीचा अर्थ खडे, वाळू.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यातला संयम. आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांची अनुमानाने मानलेली पूर्वज भाषा; तिच्या धातूंपुढे (शब्दमुळांपुढे) तारकाचिन्ह असतं. असं रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, भगिनीभाषांची तुलना करून ते बांधलेलं आहे, एवढं त्यातून समजायचं. 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (भारताला जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची, बोटीवरची सावलीकडची केबिन) याची आद्याक्षरं, ही कथा अजूनही रंगवून सांगितली जाते. तिला पुरावा नाही, हे हा कोश स्पष्ट सांगतो.

उणिवा आहेत. संस्कृत शब्द साध्या रोमन लिपीत, बऱ्याचदा उच्चारचिन्हांशिवाय येतात, त्यामुळे 'श' की 'ष', ऱ्हस्व की दीर्घ, ते आपणच ताडायचं. जुन्या ग्रंथांतली अवतरणंही फारशी नाहीत. ती हवी असतील तर ऑक्सफर्डचा मोठा कोश गाठावा लागतो, आणि त्याला वर्गणी पडते. शिवाय नोंदीतलं साल हे लिखित पुराव्याचं असतं. बोलण्यात तो शब्द त्याआधीही असू शकतो, हे विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते.